कुलगुरूंची सही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामतीच्या वेशीला लागून असलेल्या जळोची गावात आमचे घर आहे. त्या घरात पदवीची तीन प्रमाणपत्रे आहेत. पहिले माझ्या चुलत्यांचे, म्हणजे तात्यांचे. १९५४ सालचे, इंग्रजीत छापलेले, कडा तपकिरी पडलेल्या. त्यावर मुकुंदराव जयकरांची सही आहे. दुसरे माझे, १९७७ चे, त्यावर देवदत्त दाभोलकरांची सही. तिसरे माझ्या वहिनींचे, १९९४ चे, आणि त्यावर राम ताकवले यांची सही. पहिली दोन पुणे विद्यापीठाची, तिसरे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे.

मी इतिहासाचा मास्तर. जुना कागद दिसला की आधी खालची सही वाचायची, ही आमच्या धंद्यातली खोड. आज्ञापत्र असो की सनद, मजकूर सगळीकडे सारखाच असतो. सही कोणाची आणि ती करण्याचा अधिकार त्याला कुठून आला, हे पाहिले की काळ कळतो. पदवीच्या प्रमाणपत्राकडे मात्र आपण असे कधी पाहत नाही. नाव बरोबर आहे ना, वर्ग बरोबर आहे ना, एवढे पाहून चौकट करून टाकतो. खाली सही करणारा हा कुलगुरू कोण, त्याने आपल्यासाठी नेमके काय केले, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. आज त्याविषयी बोलायचे आहे. तीनही सह्यांना सारखा वेळ देता येणार नाही. माझ्या प्रमाणपत्रावरची सही मी लवकर मागे टाकणार आहे. दाभोलकर मोठे होते, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य, नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. १९७५ ते १९७८ हा आणीबाणीतला आणि तिच्या पाठोपाठचा कठीण काळ त्यांच्या वाट्याला आला. पण जळोचीहून विद्यापीठ किती लांब होते आणि ते जवळ कसे आले, हे सांगायला पहिली आणि तिसरी सही जास्त उपयोगाची आहे.

आधी या शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे राज्यपाल हे कुलपती आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते कुलगुरू. हिंदी मुलखात मात्र बरीच वर्षे व्हाइस चान्सेलरलाच कुलपती म्हणत आणि चान्सेलरला कुलाधिपती. त्यामुळे आपल्याकडचा माणूस तिकडे गेला की गोंधळ ठरलेला. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आपलाच 'कुलगुरू' हा शब्द घेतला. जुन्या संस्कृत ग्रंथांत कुलपती म्हणजे दहा हजार शिष्यांना अन्नवस्त्र देऊन शिकवणारा ऋषी. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात सत्र करणारे शौनक हे असे कुलपती. म्हणजे दोन कामे एकाकडे: पोटाची सोय आणि विद्येची सोय. आजचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात कुलगुरूला विद्यापीठाचा प्रमुख शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी म्हटले आहे. गंमत अशी की 'कार्यकारी' या शब्दाला बैठका, इमारती, परीक्षांचे निकाल आणि मोर्चे रोजच्या रोज आठवण करून देतात. 'शैक्षणिक' या शब्दाची आठवण ज्याची त्याला स्वतःच ठेवावी लागते.

तात्या १९५० साली पुण्याला शिकायला गेले. जळोचीहून पायी बारामती, बारामतीहून दौंडला छोटी गाडी, दौंडला मोठी गाडी पकडून पुणे. बारामती-दौंड ही अरुंद रुळांची लाइन १९१४ साली सुरू झाली होती. पुढे पुष्कळ वर्षांनी ती रुंद झाली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि भाकरीचे पीठ. बारामती तालुक्याचे आजही दोन भाग मानतात, बागायती आणि जिरायती. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळाले तो बागायती, न मिळाले तो जिरायती. शिकण्याचेही तसेच होते. पाणी जिथून वाहत येई, तिथेच जावे लागे. १९५० पूर्वीच्या पिढीला तर ते पुण्यालाही मिळत नव्हते म्हटले तरी चालेल, कारण पुण्यात महाविद्यालये होती, विद्यापीठ नव्हते. फर्ग्युसनमध्ये शिकलेला मुलगासुद्धा पदवीधर व्हायचा तो १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा. मॅट्रिकची परीक्षाही त्याच विद्यापीठाची. शालान्त परीक्षा वेगळी झाली ती १९४९ पासून.

महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे की नको, हे ठरवायला मुंबई सरकारने १९४२ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. १० फेब्रुवारी १९४८ रोजी पुणे विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला आणि पहिले कुलगुरू म्हणूनही जयकरच आले. तेव्हा त्यांना पंचाहत्तरावे वर्ष चालू होते. आजच्या नियमाने या वयाचा माणूस अर्जसुद्धा करू शकणार नाही.

हे जयकर कोण, हे आज पुण्यातल्या विद्यार्थ्याला विचारले तर तो ग्रंथालयाकडे बोट दाखवील. ते बरोबरच आहे. पण ग्रंथालयाला नाव मिळाले म्हणजे माणूस कळला असे होत नाही. १८७३ चा जन्म, मुंबईतले बॅरिस्टर. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी जी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते, मग दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करायला तेजबहादूर सप्रूंबरोबर जयकर खेपा घालत होते. त्या वेळी बोलणी फसली, पण पुढच्या वर्षीच्या गांधी-आयर्विन करारापर्यंत ही जोडी मागे हटली नाही. गोलमेज परिषदेला ते होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली फेडरल कोर्ट सुरू झाले तेव्हा पहिल्या तीन न्यायाधीशांत ते होते, तिथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. या सगळ्यात वेदान्तावरचा त्यांचा अभ्यासही चालू होता, आणि तो हौशी नव्हता.

त्यांचे एक काम मात्र आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाच्या जास्त जवळचे आहे आणि त्याची आठवण कोणी काढत नाही. १९२७ साली हिंदुस्थानातल्या रस्त्यांच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जयकर. रस्ते हे प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताकदीबाहेरचे काम झाले आहे, ते साऱ्या देशाचे काम मानले पाहिजे, असे या समितीने १९२८ मध्ये सांगितले. पैसा कुठून आणायचा? तर पेट्रोलवर जादा कर बसवून. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. रस्त्याने जाणाऱ्यानेच रस्त्याचा खर्च थोडा थोडा द्यायचा, ही व्यवस्था आपण आजही पाळतो आणि तिला शिव्याही देतो.

घटना समितीतली हकिकत सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. डिसेंबर १९४६. नेहरूंनी ध्येयविषयक ठराव मांडला. जयकरांनी दुरुस्ती सुचवली की मुस्लिम लीग आणि संस्थाने सभागृहात नाहीत. त्यांना यायला वेळ मिळावा म्हणून ठराव पुढे ढकलावा. सभागृहाचा कल उलट होता. जयकरांवर टीका झाली. तेव्हा १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी या दुरुस्तीला पाठिंबा दिला. त्यांचे ते भाषण गाजले. पण ठराव जानेवारी १९४७ मध्ये मूळ रूपातच मंजूर झाला. जयकर घटना समितीतून बाहेर पडले. इकडे बंगालची फाळणी झाल्याने आंबेडकरांची तिथली जागा गेली होती. मुंबई प्रांतातून जयकरांची जी जागा रिकामी झाली, तिच्यावर जुलै १९४७ मध्ये आंबेडकर निवडून आले. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. एक माणूस आपली जागा सोडतो, त्या जागेवरून दुसरा येऊन राज्यघटना लिहितो, आणि पहिला पुण्याला येऊन विद्यापीठ उभे करतो.

ते विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याला स्वतःचे घर नव्हते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये पहिले कार्यालय थाटले गेले. मग मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी मनावर घेतले आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा बंगला विद्यापीठाला मिळाला. १ जून १९४९ पासून कारभार तिथून चालू झाला. पुढे सुमारे ४११ एकरांचा परिसर झाला.

ही जागा साधी नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात याच माळावर खडकीची लढाई झाली आणि पेशवाई गेली. १८९७ च्या जूनमध्ये याच बंगल्यातला राणीच्या राज्यारोहणाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. त्यानंतर ५२ वर्षांनी त्याच रस्त्याने जळोची, इंदापूर, शिरूर, जुन्नरची पोरे नाव नोंदवायला जाऊ लागली. तात्या सांगत की पहिल्यांदा तो मनोरा पाहिला तेव्हा आपण चुकून आत शिरलो असे वाटले आणि फाटकावरचा शिपाई हाकलील म्हणून ते बराच वेळ झाडाखाली उभे राहिले. शिपायाने हाकलले नाही. काय पाहिजे विचारले आणि कचेरी दाखवली.

जयकरांचे खरे अवघड काम इमारत मिळवण्याचे नव्हते. पुण्यातली महाविद्यालये विद्यापीठापेक्षा वयाने कितीतरी मोठी होती. डेक्कनचे मूळ १८२१ पर्यंत जाते, फर्ग्युसन १८८५ चे, सर परशुरामभाऊ १९१६ चे, वाडिया १९३२ चे. प्रत्येकाचा इतिहास, प्रत्येकाचा मान, प्रत्येकाचे आजीव सेवक. नवे विद्यापीठ म्हणजे या जुन्या वाड्यात आलेली नवी सून, आणि तिने सासवांना सांगायचे की आता स्वयंपाकघर माझ्याकडे. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाचे विभाग विद्यापीठाने स्वतः चालवायचे, पण महाविद्यालयांतल्या विद्वानांनाही बरोबर घ्यायचे, असा हा संसार. पुण्यात कोणालाही लहान ठरवायला वेळ लागत नाही. जयकरांना मात्र कोणी लहान म्हणू शकत नव्हते. व्हाइसरॉयशी वाटाघाटी केलेल्या माणसाला एखाद्या संस्थेच्या नियामक मंडळाची काय मातब्बरी? त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत विभाग एकेक करून उभे राहिले. पदार्थविज्ञान १९५२, संख्याशास्त्र १९५३. संख्याशास्त्राला वसंत हुजूरबाजारांसारखा माणूस मिळाला आणि तो विभाग देशभर नावारूपाला आला. जयकर १९५६ मध्ये पायउतार झाले, त्यांच्या जागी रँग्लर परांजपे आले, आणि मार्च १९५९ मध्ये जयकर वारले.

माझे मत विचाराल तर जयकर हे दुसरीकडे कमावलेले वजन विद्यापीठाच्या पारड्यात टाकणारे कुलगुरू होते. नव्या संस्थेला तेच हवे असते. पण त्यांच्या विद्यापीठाने आलेल्याला शिकवले. न आलेल्याचा विचार करण्याची ती वेळ नव्हती. बारा जिल्ह्यांचा मुलूख, आणि बहुतेक खेड्यांत मॅट्रिक झालेला मुलगा सापडायचा नाही. जळोचीत तात्यांच्या बरोबरीची सात-आठ पोरे होती. पुण्याला गेले एकटे तात्या. पोरी किती होत्या हे कोणी मोजले नाही.

मधल्या काळाचे थोडक्यात सांगतो. १९६२ साली दोन गोष्टी झाल्या. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तिथले पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. अप्पासाहेब पवार. (बारामतीत 'अप्पासाहेब पवार' म्हटले की शेतीत ठिबक सिंचनाचे प्रयोग करणारे अप्पासाहेब आठवतात, नाव एकच, माणसे निराळी. मी कोल्हापूरच्या अप्पासाहेबांच्या 'ताराबाईकालीन कागदपत्रां'विषयी बोलत होतो, तर पुढचा शेतकरी मला डाळिंबाची माहिती विचारत होता.) त्यांनी सागरमाळाच्या उघड्या ८५३ एकरांवर विहिरी, तळी खोदून, झाडे लावून विद्यापीठ वसवले आणि गरीब मुलांसाठी 'कमवा व शिका' योजना चालवली. त्या एका कारकिर्दीवर वेगळे भाषण होईल.

आमच्या बाजूला या नव्या व्यवस्थेने एक गमतीची रेघ ओढली. नीरा ओलांडली की विद्यापीठ बदलायचे. पलीकडे फलटण, अकलूज ही गावे कोल्हापूरकडे, अलीकडे बारामती-इंदापूर पुण्याकडे. एकाच बाजाराला येणारी, एकमेकांत सोयरीक करणारी माणसे, पण मुलांचे अभ्यासक्रम वेगळे, पुस्तके वेगळी, परीक्षेच्या तारखा वेगळ्या. सोलापूरला २००४ मध्ये स्वतःचे विद्यापीठ झाल्यावर माळशिरस तालुका तिकडे गेला. पुणे विद्यापीठाचा मुलूख मात्र घटतच गेला. बाराचे पाच जिल्हे, १९९० मध्ये जळगावचे विद्यापीठ झाल्यावर तीन. २०१४ पासून नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. बारामतीत महाविद्यालय झाले म्हणून मी सायकलवर जाऊन पदवीधर झालो. मला तात्यांसारखी पत्र्याची पेटी उचलावी लागली नाही.

आता तिसरी सही. राम ताकवले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पुराणिकांबरोबर लिहिलेले त्यांचे अभिजात यामिकीचे इंग्रजी पुस्तक देशभर विद्यार्थ्यांच्या हाती होते. १९७८ साली, पंचेचाळिशीच्या आसपास, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ पर्यंत राहिले. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तेव्हा नुकताच महाविद्यालयांपर्यंत पोचत होता. विद्यार्थी वाढत होते, वर्ग पुरत नव्हते. एवढी मोठी खुर्ची सहा वर्षे सांभाळलेला माणूस त्यानंतर काय करतो? समित्यांवर जातो, अध्यक्षीय भाषणे करतो. ताकवले यांनी १९८९ मध्ये पुन्हा कुलगुरूपद घेतले, आणि तेही अजून उभ्या न राहिलेल्या विद्यापीठाचे.

ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. आपल्याकडे १९८२ मध्ये आंध्र प्रदेशाने ते आणले, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले. दोन्हींचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी. महाराष्ट्राने १९८९ च्या जुलैत कायदा करून नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने विद्यापीठ काढले. मुख्यमंत्री होते शरद पवार, म्हणजे आमचे बारामतीकरच. पण कायदा करून विद्यापीठ होत नाही, हे जयकरांच्या काळी दिसले होते तसे इथेही दिसले. फरक असा, की जयकरांना भिंती हव्या होत्या आणि ताकवले यांना भिंतींवाचून चालवायचे होते. गंगापूर धरणाजवळ परिसर झाला, त्याला 'ज्ञानगंगोत्री' नाव मिळाले, ब्रीद ठरले 'ज्ञानगंगा घरोघरी'. पण विद्यार्थ्याने तिथे जायचे नव्हतेच. विद्यार्थ्याकडे पुस्तक यायचे होते. ते मराठीत, आणि समोर शिक्षक नाही असे धरून लिहिलेले. तालुक्याच्या गावी एखाद्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, रविवारी संपर्कसत्र. फळबाग, भाजीपाला, फुलशेती अशा विषयांच्या पदविका, ज्या शेतकऱ्याने शेतावर राहून कराव्यात. आणि सगळ्यांत धाडसाची गोष्ट म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण मराठी लिहू-वाचू शकणाऱ्या प्रौढ माणसाने ही परीक्षा द्यायची आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला बसायचे. मॅट्रिक नाही, बारावी नाही. जयकरांच्या विद्यापीठाचे फाटक मॅट्रिकच्या कुलपाने बंद होते, ते कुलूपच इथे काढून टाकले. शिवाय या विद्यापीठाचा मुलूख म्हणजे सारा महाराष्ट्र. नीरेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच पुस्तक.

आमच्या वहिनी नववीतून लग्न होऊन जळोचीला आल्या. पुढे अंगणवाडी सेविका झाल्या. १९९० मध्ये त्यांनी पूर्वतयारीचा अर्ज भरला. घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही, मीही नाही, हे कबूल करतो. पुस्तकांचा गठ्ठा आला तेव्हा त्या माझ्याकडे घेऊन आल्या.

"भावजी, हे समंत्रक म्हणजे काय हो? मंत्र देणारे?"

मी सांगितले, रविवारी अडचणी सोडवतात ते. त्यांना बरे वाटले. म्हणाल्या, "मग अडचणी लिहूनच ठेवते." त्यांनी खरोखरच वहीत लिहून ठेवल्या. पहाटे चारला उठून, गुरांचे आटोपून, चुलीपुढे वाचायच्या. चार वर्षांत बी.ए. झाल्या.

ताकवले यांची थोरवी सांगताना या विद्यापीठाची दुखणी झाकण्यात अर्थ नाही. अर्ज भरून परीक्षेला न बसणारे पुष्कळ. काही ठिकाणी अभ्यासकेंद्र म्हणजे फक्त फी भरायची खिडकी, संपर्कसत्राला कुलूप. मी स्वतः पुढे काही वर्षे समंत्रक म्हणून काम केले, त्यामुळे हे ऐकीव नाही. एका रविवारी मी मध्ययुगीन भारत शिकवायला गेलो तर समोर तिघे, त्यातले दोघे परीक्षेचे ओळखपत्र मिळेल का विचारायला आलेले. शिवाय समाजाच्या मनातली पायरी. वहिनींना वरच्या जागेच्या मुलाखतीत एका साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहून विचारले, "ही मुक्तची का?" वहिनी म्हणाल्या, "हो, पण परीक्षा बांधून ठेवून घेतली होती." विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेच्या पत्राची झेरॉक्स त्या पिशवीतच ठेवायच्या. ती जागा त्यांना त्या वेळी मिळाली नाही. तीन वर्षांनी मिळाली.

तरीही मी ताकवले यांना जयकरांच्या शेजारी बसवतो, आणि ते विद्वत्तेत किंवा कीर्तीत बरोबरीचे म्हणून नव्हे. जयकरांनी मोठेपण बरोबर आणले होते. ताकवले यांच्याकडे होता तो पुणे विद्यापीठातल्या सहा वर्षांचा अनुभव. फाटकाशी किती माणसे उभी राहतात आणि किती जण फाटकापर्यंतही येत नाहीत, ते तिथे कुलगुरूच्या खुर्चीतून दिसते. बहुतेकांना ते दिसते आणि कार्यकाळ संपतो. यांनी त्या दिसलेल्या गोष्टीपायी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाशिकनंतर १९९५ ते १९९८ ते दिल्लीला राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते. मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना शिक्षणतज्ज्ञ म्हटले. आमच्या वहिनींनी ती बातमी कापून प्रमाणपत्राच्या चौकटीमागे सरकवून ठेवली.

जळोची २०१२ मध्ये बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली. शेतात इमारती उठल्या आहेत. घरातल्या पोरांना महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मुक्त विद्यापीठाची पुस्तके मोबाइलवर दिसतात. तात्या आता नाहीत. पण वहिनींचे प्रमाणपत्र पोस्टाने घरी आले तो दिवस मला चांगला आठवतो. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, विद्यापीठाचे नाव वाचले, वर्ग वाचला, आणि बोट खाली नेऊन सहीवर ठेवले.

"हे कोण?"

"कुलगुरू," वहिनी म्हणाल्या.

"तू पाहिलंस त्यांना?"

"नाही मामंजी."

"मी पाहिलं होतं जयकरांना," तात्या म्हणाले. "पदवीदानाला. पण फार मागं बसलो होतो, टोपीच तेवढी दिसली."